प्रश्नपेटी : गुरूचं सगळं ऐकायचं का?

मुलांनो,

आमच्या चौथीच्या वर्गात खिडकीपाशी एक पेटी ठेवलेली आहे. पेटी कसली, बुटाचा रिकामा खोकाच तो! वरून फट पाडली आहे आणि चारी बाजूंनी पतंगाचे कागद चिकटवले आहेत. ज्याला सगळ्यांसमोर उभं राहून विचारायची लाज वाटते, त्याने चिठ्ठी लिहायची आणि खोक्यात टाकायची. नाव लिहायची सक्ती नाही. शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही पेटी उघडतो. पालीची तुटलेली शेपटी का वळवळते, आभाळ नक्की कुठे सुरू होतं, मोठी माणसं गृहपाठ का करत नाहीत, असे एकाहून एक प्रश्न त्यातून निघतात.

यंदा गुरुपौर्णिमेला मुलांनी माझ्या टेबलावर जास्वंदीची आणि तगरीची फुलं आणून ठेवली. वाकून नमस्कार केला. मीही खुशीत येऊन फळ्यावर सुविचार लिहिला, ‘गुरूंची आज्ञा सदैव पाळावी.’ रंगीत खडूने खाली वेलबुट्टीही काढली. सुविचार मात्र फारसा विचार न करता लिहिला, हे आज तुमच्यापाशी कबूल करते.

त्या शनिवारी पेटीतून दोन चिठ्ठ्या निघाल्या. पहिली अशी होती : ‘बाई, गुरूचं सगळं ऐकायचं का? गुरूनं चुकीचं सांगितलं तर?’

दुसरीची चारपदरी घडी होती. तिच्यात लिहिलं होतं : ‘आई एका महाराजांच्या आश्रमात सेवेला गेली आहे. पंधरा दिवसांनी येणार होती. आता दोन महिने झाले. महाराज म्हणतात, घरच्यांची माया म्हणजे बेडी. मी बेडी आहे का?’

ही दुसरी चिठ्ठी मी वर्गात वाचली नाही. नाव नव्हतं, पण वह्या तपासून तपासून सगळ्यांचं अक्षर मला पाठ झालं आहे. चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. इथे ती छापायची परवानगी मी लिहिणाऱ्याकडून घेतली आहे. नावगाव मात्र कुणी विचारू नका, मी सांगणार नाही.

पहिल्या चिठ्ठीचं उत्तर म्हणून मी वर्गाला एक गोष्ट सांगितली. खरं तर ते दोन्ही चिठ्ठ्यांचं उत्तर होतं. गोष्ट जपानमधली आहे आणि खरी आहे. तिथल्या न्यायालयांत तिची वीस वर्षांहून जास्त काळ चौकशी चालली. आणि त्यात आपल्या ओळखीचा एक शब्द आहे. कोणता, ते कळेलच.

योगासनांचा वर्ग

१९८४ साली टोकियो शहरातल्या शिबुया या गजबजलेल्या भागात एका माणसाने योगाचा वर्ग सुरू केला. त्याचं खरं नाव चिझुओ मात्सुमोतो. त्याला जन्मापासून फार कमी दिसायचं. तो अंध मुलांच्या निवासी शाळेत शिकला. पुढे त्याने औषधांचं दुकान काढलं. नियमबाह्य औषधे विकल्याबद्दल १९८२ मध्ये पोलिसांनी त्याला पकडलंही होतं. नंतर त्याने शोको असाहारा असं नवं नाव घेतलं.

१९८५ मध्ये एका मासिकात त्याचा फोटो छापून आला. फोटोत तो मांडी घालून चक्क हवेत तरंगतोय! लोक थक्क झाले. हा माणूस सिद्धपुरुष आहे, असं बोललं जाऊ लागलं.

इथे मी गोष्ट थांबवली आणि विचारलं, ‘कसा काढला असेल हा फोटो?’ मागच्या रांगेतला एक पठ्ठ्या उठला, सतरंजीवर मांडी घालून बसला आणि टुणकन वर उडाला. ‘बाई, मी वर असताना फोटो काढायचा!’ सगळा वर्ग हसला. मांडी घालून उडी मारायची आणि त्या क्षणी बटण दाबायचं. फोटोत फक्त वर उडालेलं दिसतं, धपकन खाली पडलेलं दिसत नाही. चौथीतल्या मुलाला जे सुचलं, ते तिथल्या हजारो मोठ्या माणसांना सुचलं नाही. का बरं? कारण त्यांना तो फोटो खरा असायला हवा होता.

असाहारा भारतातही येऊन गेला. १९८६ मध्ये हिमालयात आपल्याला परमज्ञान झालं, असं तो सांगू लागला. १९८७ मध्ये धर्मशाला येथे तो दलाई लामांना भेटला आणि त्यांच्याबरोबरचा फोटो पुढे जाहिरातीसारखा वापरू लागला. मोठ्या माणसाशेजारी उभं राहून फोटो काढला म्हणजे आपणही मोठे होतो, असं थोडंच आहे?

त्याच वर्षी त्याने आपल्या पंथाला नाव दिलं, ‘ओम शिनरिक्यो’. आता कळला ना तो शब्द? ओम म्हणजे आपला ओंकारच. शिनरिक्यो म्हणजे सत्याची शिकवण. फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी नावाच्या खेड्यात त्यांनी मोठमोठ्या इमारती उभारल्या. त्या इमारतींनाही ‘सत्यम्’ या संस्कृत शब्दावरून नाव दिलं होतं.

‘बाई, नाव तर किती छान आहे,’ पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

तेच तर सांगायचं आहे, बाळ. फसवणारा माणूस कधी ‘फसवणूक मंडळ’ अशी पाटी लावतो का? आपल्याला जे पवित्र वाटतं, त्याच नावाची तो पाटी लावतो. यात ओंकाराचा काही दोष नाही आणि योगासनांचाही नाही.

एकेक पायरी

त्या वर्गाला येणारे लोक वाईट नव्हते. कुणाची पाठ दुखत होती, कुणाला परक्या शहरात एकटं वाटत होतं, कुणाला ‘आपण जगतो कशासाठी?’ असा प्रश्न पडला होता. वर्गात त्यांना बरं वाटलं. सोबती मिळाले. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं.

मग दुसरी पायरी आली. आणखी पुस्तके घ्या, आणखी शिबिरे करा, आणखी पैसे भरा. गुरूच्या अंघोळीचं पाणीसुद्धा तिथे विकलं जायचं. तारा जोडलेली एक टोपी होती. ती घातली की गुरूच्या मेंदूतल्या लहरी शिष्याच्या मेंदूत उतरतात, असं सांगत. त्या टोपीसाठी लोकांनी लाखो येन मोजले.

तिसरी पायरी म्हणजे घर सोडणं. पंथाचे जपानमध्ये सुमारे दहा हजार अनुयायी होते. त्यातल्या हजाराहून जास्त लोकांनी घरदार सोडलं. घर, बचत, दागिने, जे असेल ते पंथाला द्यायचं. जुनं नाव टाकून नवं घ्यायचं. आईवडिलांशी संबंध तोडायचा. आत साधं उकडलेलं अन्न, अपुरी झोप आणि दिवसरात्र काम. मुलांनो, तुम्ही दोन रात्री जागलात तर तिसऱ्या दिवशी साधी बेरीज तरी जमते का? मग महिनोन् महिने अर्धपोटी, अर्धवट झोपेत राहणाऱ्या माणसाला नीट विचार कसा करता येणार?

चौथी पायरी म्हणजे भीती. जगाचा अंत जवळ आला आहे, बाहेरचे लोक आपले शत्रू आहेत, ते आपल्यावर विषारी वायू सोडतात, असं गुरू सांगायचा. जो सोडून जाईल त्याला नरक मिळेल, असंही बजावलं जायचं. पळून जाणाऱ्यांना पकडून आणून कोंडून ठेवल्याचे प्रकार घडले.

आणि पाचवी पायरी? गुरू सांगेल तेच खरं आणि गुरू सांगेल तेच पुण्य. त्याने माणूस मारायला सांगितलं तर तेही पुण्य! मारल्याने त्या माणसाचा आत्मा वरच्या लोकात जातो, म्हणजे आपण त्याचं भलंच करतो, असं शिष्यांना शिकवलं गेलं.

कुणी एकदम पाचव्या पायरीवर उडी मारली नसती. पण एकेक पायरी छोटीच होती. एकदा ‘हो’ म्हटलं की दुसऱ्यांदा ‘हो’ म्हणणं सोपं जातं. आणि इतकं सगळं देऊन झाल्यावर ‘आपलं चुकलं’ असं म्हणणं फार अवघड जातं.

घरचे लोक

मुलं-मुली घर सोडून गेल्यावर आईवडील शोधत आले. त्यांना भेटू दिलं जाईना. तेव्हा योकोहामा इथले त्सुत्सुमी साकामोतो नावाचे तरुण वकील त्यांच्या मदतीला धावले. त्यांच्या मदतीने १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये पालकांनी संघटना स्थापन केली. वकीलसाहेब पंथाच्या खोट्या दाव्यांचे पुरावे मागू लागले. गुरूला प्रश्न विचारू लागले.

४ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे ते, त्यांची पत्नी आणि त्यांचं जेमतेम वर्षाचं बाळ घरातून नाहीसं झालं. पंथाच्या माणसांनी तिघांनाही ठार मारलं होतं. घरात पंथाचा एक बिल्ला पडलेला सापडला, तरीही खरं काय ते सहा वर्षं बाहेर आलं नाही. आजी-आजोबा ती तिघं परत येतील म्हणून वाट बघत राहिले.

वर्ग एकदम गप्प झाला. मग एकाने विचारलं, ‘बाई, पोलीस काय करत होते?’ धर्माच्या कामात हात घालायला नको, असं त्या वेळी अनेकांना वाटत होतं. पंथाला १९८९ मध्येच धार्मिक संस्था म्हणून सरकारी मान्यता मिळाली होती. मान्यता मिळाली म्हणजे सगळं चांगलंच चाललं आहे, असं लोक धरून चालले.

पालक संघटनेच्या अध्यक्षांचा मुलगाही त्या पंथात गेला होता. त्यांनी त्याला बाहेर काढलं आणि इतरांच्या मुलांसाठी ते झटत राहिले. जानेवारी १९९५ मध्ये त्यांच्यावर विषप्रयोग झाला. सुदैवाने ते वाचले. पुढच्याच महिन्यात टोकियोत एका प्रौढ गृहस्थाला भर रस्त्यातून पळवून नेण्यात आलं. त्यांचा गुन्हा काय? त्यांची बहीण पंथातून पळाली होती आणि त्यांनी ती कुठे आहे हे सांगितलं नाही. त्यांचाही मृत्यू झाला. आपल्याकडे भाऊ बहिणीच्या पाठीशी उभा राहतो ना, तसाच हा भाऊ उभा राहिला.

२० मार्च १९९५

तो सोमवार होता. सकाळी आठच्या सुमारास टोकियोच्या भुयारी रेल्वेत कामाला जाणाऱ्यांची गर्दी होती. पंथाच्या पाच जणांनी पाच गाड्यांत सारिन नावाच्या भयंकर विषाच्या पिशव्या फोडल्या आणि ते उतरून निघून गेले. या हल्ल्यात चौदा माणसं गेली. सहा हजारांहून अधिक लोकांना इजा झाली. कुणाची दृष्टी अधू झाली, तर कुणाला पुढे गाडीत पाऊल ठेवायचीच भीती वाटू लागली. कासुमिगासेकी स्थानकातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना वाचवण्यासाठी ती विषारी पिशवी उचलून बाहेर नेली. त्यात दोघांचे प्राण गेले. अजूनही दरवर्षी २० मार्चला त्या स्थानकात कर्मचारी सकाळी आठला स्तब्ध उभे राहतात.

आता एक विचारते. त्या पिशव्या फोडणारे पाच जण कोण असतील? ‘अडाणी लोक असतील,’ आमचा वर्ग म्हणाला. चूक! एक जण हृदयावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. इतर चौघेही विज्ञान किंवा तंत्रशिक्षण घेतलेले होते. त्यातला एक तर टोकियो विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करत होता.

‘बाई, एवढे हुशार असून कसे फसले?’

कारण हुशारी वेगळी आणि प्रश्न विचारायची सवय वेगळी. त्या डॉक्टरांनी आयुष्यभर रोग्याला तपासल्याशिवाय औषध दिलं नसेल. पण गुरूला मात्र त्यांनी तपासलं नाही. आपण शिकलेले, आपण कुठले फसतो, असं ज्याला वाटतं तो जास्त सहज फसतो. हे मी मलाही सांगते.

हल्ल्यानंतर पोलिसांनी त्या इमारतींवर छापे घातले. १६ मे १९९५ रोजी गुरुमहाराज सापडले कुठे? एका इमारतीच्या छताजवळच्या अरुंद पोकळीत लपून बसले होते, जवळ लाखो येनांच्या नोटा घेऊन. हवेत तरंगणारा माणूस त्या दिवशी तरंगत निघून गेला नाही. शिष्यांनी घरं दिली, पैसे दिले, हात रक्ताने माखून घेतले आणि गुरू पैसे घेऊन माळ्यात दडला!

२०१८ च्या जुलै महिन्यात असाहाराला आणि त्याच्या बारा शिष्यांना फाशी देण्यात आली. त्याआधी त्या पालक संघटनेने विनंती केली होती, की शिष्यांना तरी फाशी देऊ नका. ज्यांच्यावर विषप्रयोग झाला, तेच लोक असं म्हणत होते. कारण ही शिष्य मंडळीही कुणाची तरी मुलंच होती, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

तिथली मुलं

आता तुमच्याएवढ्या मुलांबद्दल सांगते. काही लोक घर सोडताना आपली मुलंही बरोबर घेऊन गेले होते. १४ एप्रिल १९९५ ला फुजीच्या पायथ्याच्या त्या इमारतींतून त्रेपन्न मुलांना बाहेर काढून सरकारी बालकेंद्रात नेण्यात आलं. चेहरे फिकट, वयाच्या मानाने उंची आणि वजन कमी. काहींच्या डोक्यावर त्या तारांच्या टोप्या होत्या. त्यांना आईवडिलांपासून वेगळं ठेवलं जात असे. धड शाळा नाही, मोकळं खेळणं नाही. बाहेरची हवा विषारी आहे, असं त्यांना शिकवलेलं होतं, म्हणून ती बाहेर यायलाच घाबरत होती. विष बनत होतं आतल्याच इमारतीत आणि मुलांना भीती घातली होती बाहेरच्या मोकळ्या हवेची! केंद्रातल्या माणसांनी त्यांना धीर दिला आणि हळूहळू ती खेळू लागली.

त्या मुलांनी गुरू निवडला नव्हता. तो त्यांच्या मोठ्यांनी निवडला होता.

आणि इथे बाहेरच्या समाजाचंही थोडं चुकलं. असाहाराच्या स्वतःच्या मुलांना गावांनी आणि शाळांनी नाकारलं. एका मुलीला तर विद्यापीठात प्रवेश मिळवण्यासाठी न्यायालयात जावं लागलं. १९९४ मध्ये मात्सुमोतो नावाच्या शहरात या पंथाने असाच विषारी हल्ला केला, त्यात आठ जण गेले. (शहराचं नाव आणि गुरूचं आडनाव एकच आहे, हा निव्वळ योगायोग.) त्या वेळी पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी संशय घेतला तो तिथल्याच एका निरपराध गृहस्थांवर. त्यांची पत्नी त्याच विषाने बेशुद्ध पडली होती आणि १४ वर्षांनी त्यातच गेली. नंतर वर्तमानपत्रांनी त्यांची माफी मागितली. घाईघाईने कुणावर बोट दाखवलं की कशी चूक होते, पाहा.

विठ्ठलपंतांचे गुरू

ही मुलं म्हटलं की मला आपल्या आळंदीची चार मुलं आठवतात. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. त्यांचीही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. त्यांचे वडील विठ्ठलपंत काशीला गेले आणि घरी पत्नी आहे हे लपवून त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरूंना खरी हकिकत कळली. तेव्हा गुरू काय म्हणाले असतील? ‘बायकोची माया म्हणजे बेडी’ असं म्हणाले का? नाही. त्यांनी विठ्ठलपंतांना सांगितलं, परत घरी जा आणि संसार कर. शिष्य गमावला तरी चालेल, पण एका घराचं वाटोळं करून मला शिष्य नको, असा तो गुरू होता.

गाव मात्र तसं वागलं नाही. संन्याशाची पोरं म्हणून त्या चौघांना वाळीत टाकलं. पोरांचा त्यात काय अपराध होता? जपानमध्येही गावांनी तेच केलं.

श्रद्धा वाईट नसते, मुलांनो. आषाढीला लाखो वारकरी पंढरपूरला पायी जातात, नाचतात, गातात आणि मग आपापल्या घरी, आपल्या शेताकडे परत येतात. कुणी चर्चमध्ये जातं, कुणी मशिदीत, कुणी विहारात, कुणी गुरुद्वारात. तिथून माणूस घरी आला की तो घरच्यांशी आधीपेक्षा चांगलं वागायला हवा. घरी यायचाच बंद झाला, तर मात्र थांबून विचार करायला हवा.

म्हणून आम्ही वर्गात पाच प्रश्न तयार केले. मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावले आहेत. तुम्हीही वहीत उतरवून घ्या.

१. इथे प्रश्न विचारलेला चालतो का? की प्रश्न विचारणाऱ्याला पापी ठरवतात?

२. घरच्यांशी, जुन्या मित्रांशी बोललेलं चालतं का? की हळूहळू सगळ्यांपासून तोडतात?

३. पैसे कुठे जातात, ते उघडपणे सांगतात का? ऐपतीबाहेर द्यायला लावतात का?

४. सोडून जायची मोकळीक आहे का? की ‘गेलास तर वाईट होईल’ अशी भीती घालतात?

५. ‘हे कुणाला सांगू नकोस’ असं म्हणतात का? शाळा किंवा डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगतात का?

एखादी खूण दिसली म्हणून लगेच कुणाला गुन्हेगार ठरवू नका. पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला नक्की सांगा. आणि हे प्रश्न फक्त महाराजांना लागू नाहीत. क्लासचे सर, खेळाचे प्रशिक्षक, मोबाइलवर भेटलेला एखादा गटप्रमुख, सगळ्यांना लागू आहेत. मलासुद्धा! फळ्यावरचा तो सुविचार मी पुसला. त्या जागी एका मुलाने सुचवलेला लिहिला : ‘गुरूला प्रश्न विचारावा.’

पालकहो, तुमच्यासाठी दोन शब्द

घरातलं कुणी अशा ठिकाणी ओढलं गेलं, तर पहिला राग येतो. आपण ओरडतो, टोमणे मारतो, ‘परत आलीस तर दार उघडणार नाही’ असंही बोलून जातो. पण पंथ तरी दुसरं काय सांगत असतो? घरचे लोक तुझे वैरी आहेत, हेच ना? आपल्या बोलण्याने तेच खरं ठरतं. जपानमधल्या त्या पालकांनी मुलांसाठी दार उघडं ठेवलं. अनेक जण वर्षांनी का होईना, त्याच दाराने परतले. त्या पंथातून निघालेले गट आजही जपानमध्ये आहेत आणि सरकारची त्यांच्यावर नजर आहे. म्हणजे हे काम एका दिवसाचं नाही.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अशा फसवणुकीविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं धडपड केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावाने लुबाडणं किंवा डॉक्टरांकडे जाण्यापासून रोखून अघोरी उपचार करणं, हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. कुणाच्या श्रद्धेवर तो कायदा बंदी घालत नाही.

आणि दुसरी चिठ्ठी

त्या चिठ्ठीच्या मालकाला मी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात गाठलं. आम्ही दोघांनी डब्यातली पोळीभाजी वाटून खाल्ली. मग मी सांगितलं, ‘तू बेडी नाहीस. आई तुझ्यामुळे गेली नाही, आणि तिला परत आणायची सगळी जबाबदारीही तुझ्या एवढ्याशा डोक्यावर नाही. ती आम्हा मोठ्यांची आहे.’

आम्ही ठरवलं, की आईला पत्र लिहायचं. त्यात महाराजांविषयी एक अक्षरही लिहायचं नाही. घराच्या बातम्या लिहायच्या. अंगणातली मोगरी फुलली, आजीचा गुडघा दुखतो, भागाकार जमायला लागला, तुझ्या हातच्या आमटीची आठवण येते. शेवटी एकच प्रश्न : ‘आई, तू कधी येशील?’ बाबांनाही मी शाळेत बोलावून घेतलं. ते आधी रागात होते, मग बराच वेळ गप्प बसले. तेही आता पत्राखाली दोन ओळी लिहितात.

आई अजून घरी आलेली नाही. पण तीन पत्रं गेल्यानंतर एका रविवारी तिचा फोन आला. आता दर रविवारी येतो. दहा मिनिटं बोलते. मागच्या खेपेला तिने भागाकाराचं उदाहरण फोनवर सोडवून घेतलं म्हणे. मला त्यात आशा वाटते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं काही चाललं असेल, तर मनात कोंडून ठेवू नका. आजी, मामा, काका, तुमच्या बाई किंवा गुरुजी, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगा. कुणीच ऐकत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. तो फुकट लागतो, दिवसा आणि रात्रीसुद्धा.

आमची पेटी तुमच्यासाठीही उघडी आहे. ‘प्रश्नपेटी’ असं लिहून साप्ताहिकाच्या पत्त्यावर चिठ्ठी पाठवा. नाव लिहायची सक्ती नाही.

तुमच्या,
बाई